गार्ड किंवा रिझर्व्हमध्ये भरती झालात? नोकरी अशी राखा

माझा भाचा नॅशनल गार्डमध्ये, म्हणजे नोकरी सांभाळून करायच्या अमेरिकी सैन्यसेवेत, भरती झाला तेव्हा घरच्यांनी त्याला सगळं विचारलं. बूट कुठले घेतलेस, पळायचा सराव झाला का, आईला फोन करायला मिळेल का. नोकरीचं काय करणार, हे कुणाच्याच डोक्यात आलं नाही. बेसिक ट्रेनिंग संपवून तो गोदामातल्या कामावर परत रुजू झाला आणि पहिल्याच ड्रिलच्या, म्हणजे महिन्यातल्या शनिवार-रविवारच्या सैनिकी सरावाच्या, आठवड्यात त्याचा रात्री उशिरा फोन आला. "मावशी, मॅनेजर म्हणतोय, शनिवारी जायचं असेल तर बदली माणूस तूच शोधून दे. मी चौघांना विचारलं, कुणी तयार नाही. आता युनिटला काय सांगू?"

युनिटला काहीच सांगायचं नव्हतं. बदली माणूस शोधणं हे त्याचं कामच नव्हतं, ते मॅनेजरचं होतं. मी बरीच वर्षं एचआरमध्ये रजा आणि पगाराचं काम केलं आहे, म्हणून मला हे ठाऊक होतं. त्याला ठाऊक नव्हतं, आणि खरं सांगायचं तर त्याच्या मॅनेजरलाही नव्हतं. अमेरिकेतल्या मराठी घरांतली मुलंमुली आता गार्डमध्ये, आर्मी रिझर्व्हमध्ये, नेव्ही रिझर्व्हमध्ये दिसतात. भरतीला नागरिकत्वच लागतं असं नाही, ग्रीन कार्डवरही भरती होता येतं. पण आपल्या घरांत याचा पूर्वानुभव नसतो, विचारायला कुणी काका-मामा नसतो. म्हणून हा लेख.

आधी कायद्याचं नाव लक्षात ठेवा

कायदा आहे 'युनिफॉर्म्ड सर्व्हिसेस एम्प्लॉयमेंट अँड रीएम्प्लॉयमेंट राइट्स ॲक्ट'. सगळे त्याला 'युसेरा' म्हणतात. तो १९९४ साली झाला, पण सैन्यातून परतलेल्याला जुनी नोकरी परत मिळाली पाहिजे हे तत्त्व १९४० च्या सक्तीच्या भरतीच्या कायद्यापासून चालत आलं आहे.

हा कायदा कंपनीचा आकार बघत नाही. एकच नोकर असलेल्या दुकानदाराला तो लागू आहे, तसाच हजारो माणसांच्या कंपनीला, शाळेला, शहराला, राज्य सरकारला आणि केंद्र सरकारलाही. तुम्ही स्वखुशीने गेलात की बोलावणं आलं म्हणून गेलात, याने फरक पडत नाही. बेसिक ट्रेनिंग, महिन्याचं ड्रिल, वार्षिक प्रशिक्षण, डिप्लॉयमेंट म्हणजे मोहिमेवरची रवानगी, अगदी शारीरिक तपासणीसाठी लागलेला दिवससुद्धा यात येतो.

गार्डवाल्यांसाठी एक जादा बारकावा आहे. राज्यपालाने पुरासाठी किंवा वणव्यासाठी बोलावलं तर ती 'स्टेट ॲक्टिव्ह ड्यूटी' होते. २०२१ पर्यंत तिला युसेराचं संरक्षण नव्हतं. आता ती १४ दिवस किंवा अधिक चालली, अथवा राष्ट्राध्यक्षांनी जाहीर केलेल्या आणीबाणीसाठी वा मोठ्या आपत्तीसाठी असली, तर आहे. त्याहून छोट्या कामगिरीसाठी तुमच्या राज्याचा स्वतःचा कायदा बघा. बहुतेक राज्यांत तो असतो.

संरक्षण नसलेले लोकही आहेत. खऱ्या अर्थाने स्वतंत्र कंत्राटदार असाल तर युसेरा लागू होत नाही. आयटीत १०९९ वर, म्हणजे कंत्राटदाराच्या कर-फॉर्मवर, काम करणाऱ्या आपल्या मंडळींनी हे नीट वाचावं. मात्र कागदावर काय लिहिलंय त्यापेक्षा प्रत्यक्षात काम कसं चालतं हे बघितलं जातं. तुमचे तास, तुमची पद्धत, तुमची साधनं सगळं कंपनीच ठरवत असेल, तर नुसत्या लेबलाने तुम्ही कंत्राटदार होत नाही.

जाण्याआधी: परवानगी मागू नका, कळवा

या लेखातलं एकच वाक्य लक्षात राहणार असेल तर ते हे असू द्या: सैन्यसेवेसाठी जाताना तुम्ही रजा मंजूर करून घेत नाही, तुम्ही पूर्वसूचना देता. "मला जाता येईल का?" आणि "मी या तारखांना सेवेवर असेन" यात फार अंतर आहे. पहिल्यात समोरच्याला 'नाही' म्हणायची जागा मिळते. कायद्याने ती जागा त्याला दिलेलीच नाही. हंगाम गर्दीचा आहे, ऑडिट चालू आहे, गेल्याच महिन्यात तर गेला होतास, यातलं कुठलंच कारण चालत नाही. कधी, कितीदा आणि किती दिवस जायचं हे मालकाच्या सोयीनं ठरत नाही. फारच अडचण होत असेल तर मालक तुमच्या युनिटशी बोलू शकतो. तुम्हाला अडवू शकत नाही.

आपल्या लोकांना हे जड जातं. साहेबाला नुसतं 'कळवणं' उद्धट वाटतं, म्हणून आपण अजीजीच्या भाषेत मेल लिहितो आणि स्वतःहून आपला हक्क विनंतीच्या रांगेत नेऊन बसवतो. नम्र राहा, जरूर राहा, पण वाक्य विधानार्थी लिहा. भाच्याला मी सांगितलेला मजकूर असा होता, अर्थात पाठवायचा इंग्रजीतच:

"मी नॅशनल गार्डमध्ये आहे हे आपल्याला माहीत आहेच. १४ आणि १५ तारखेला माझं ड्रिल आहे, त्यामुळे त्या दोन दिवसांच्या शिफ्टला मी नसेन. पुढच्या वर्षभराच्या ड्रिलच्या तारखा सोबत जोडल्या आहेत. तारखा बदलल्या तर कळताच कळवीन. माझी अनुपस्थिती युसेराखालची सैन्यसेवेची अनुपस्थिती म्हणून नोंदवावी."

एवढंच. शेवटचं वाक्य गाळू नका. ते असलं की शिफ्ट चुकली म्हणून कुणी अनुपस्थितीचे गुण लावत नाही, आणि लावलेच तर तुमच्याकडे कागद असतो.

सूचना तोंडी दिली तरी कायद्याला चालते, पण मला चालत नाही. मी टेबलाच्या पलीकडच्या बाजूला बसले आहे. मॅनेजर बदलतो, विसरतो, "मला कुणी सांगितलंच नव्हतं" म्हणतो. मेल करा आणि एक प्रत स्वतःच्या खाजगी पत्त्यावर ठेवा. संरक्षण खात्याची शिफारस शक्य असेल तेव्हा निदान ३० दिवस आधी कळवण्याची आहे. ऑर्डर्स अचानक आल्या, तर जितक्या लवकर जमेल तितक्या लवकर. सैनिकी गरजेमुळे सूचना देणं शक्यच नसेल तर ती माफ असते. निघण्याआधी छापील ऑर्डर्स दाखवल्याशिवाय सोडणार नाही, असं मालक म्हणू शकत नाही. बऱ्याचदा त्या वेळेवर हातात येतही नाहीत.

रात्रपाळीवाल्यांसाठी एक गोष्ट. शुक्रवारी रात्रभर काम करून शनिवारी पहाटे ड्रिलला उभं राहणं धोक्याचं आहे, आणि कायद्याला ते अपेक्षितही नाही. प्रवासाला आणि तयारीनं हजर राहता येईल इतक्या विश्रांतीला लागणारा वेळही तुम्हाला आधीच मिळायला हवा. म्हणजे ती शुक्रवारची पाळीही सूचनेत लिहा.

आणि हो, कुणी "राजीनामा देऊन जा, परत आलास की बघू" म्हणालं तर देऊ नका. घाबरून आधीच दिला असेल तर मात्र हाय खाऊ नका. सैन्यसेवेसाठी नोकरी सोडताना "मी परत येणार नाही" असं म्हटलं असलं तरी परत घेतलं जाण्याचा हक्क त्याने जात नाही.

पगार, रजा, विमा

पगाराबद्दल स्पष्ट बोलते. सेवेच्या काळात मालकाने पगार द्यावा अशी सक्ती युसेरात नाही. बऱ्याच कंपन्या सैनिकी पगार आणि नेहमीचा पगार यातला फरक भरून देतात, पण ते त्यांचं धोरण असतं. ते कर्मचारी पुस्तिकेत शोधा. मात्र आजारपण, ज्युरी ड्यूटी किंवा कुणाच्या निधनानिमित्त कंपनी भरपगारी रजा देत असेल, तर तशाच स्वरूपाच्या छोट्या सैनिकी रजेलाही ती सवलत मिळाली पाहिजे, असे खटले गेल्या काही वर्षांत मोठ्या विमान कंपन्यांविरुद्ध अपील न्यायालयांपर्यंत गेले आहेत.

ओव्हरटाइम न मिळणारे पगारदार असाल तर आणखी एक: आठवड्यात काही दिवस काम केलं आणि उरलेले दिवस सैनिकी रजेवर गेलात, तर त्या दिवसांचा पगार सरसकट कापता येत नाही. त्या दिवसांत सैन्याकडून मिळालेली रक्कम तेवढी वजा करता येते. ही चूक पगारपत्रकात मी स्वतः किती वेळा दुरुस्त केली आहे, मोजलं नाही.

तुमच्या साठलेल्या सुट्ट्या वापरायची सक्ती कुणी करू शकत नाही. तुम्हाला वापरायच्या असतील तर मात्र वापरता येतात.

विम्यासाठी ३१ हा आकडा लक्षात ठेवा. सेवा ३१ दिवसांपेक्षा कमी असेल तर कंपनीचा आरोग्यविमा नेहमीच्याच हप्त्यात चालू राहतो. त्याहून लांब सेवेसाठी तुम्ही तो २४ महिन्यांपर्यंत चालू ठेवू शकता, पण मग पूर्ण हप्त्याच्या १०२ टक्क्यांपर्यंत रक्कम तुमच्याकडून घेतली जाऊ शकते. ऑर्डर्स ३० दिवसांहून अधिक काळाच्या असतील तर सैन्याचा ट्रायकेअर विमा तुम्हाला आणि कुटुंबाला मिळतो, म्हणून अनेकजण कंपनीचा सोडतात. घरी कुणाचे उपचार चालू असतील, ठरलेला डॉक्टर सोडायचा नसेल, तर दोन्हींचा हिशेब मांडूनच ठरवा. परत आल्यावर कंपनीच्या विम्यात पुन्हा प्रवेश लगेच मिळतो, प्रतीक्षाकाळ लावता येत नाही. सेवेत झालेल्या दुखापतीचा खर्च मात्र तो विमा नाकारू शकतो, कारण ती जबाबदारी सरकारची.

परत येताना: घड्याळ तुमच्या विरुद्ध चालतं

लोक हक्क गमावतात ते बहुतेक इथे. किती दिवस सेवेवर होता त्यावर मुदत ठरते.

३० दिवसांपर्यंतची सेवा असेल तर अर्ज वगैरे काही नाही, थेट कामावर हजर व्हायचं. कधी? सुखरूप घरी पोचण्याचा वेळ, त्यावर ८ तास विश्रांती, आणि त्यानंतर सुरू होणारी पहिली पूर्ण पाळी. भाच्याचंच उदाहरण घ्या. रविवारी संध्याकाळी ड्रिल संपलं, हत्यारं जमा करून, गाडीनं येऊन तो रात्री साडेअकराला घरी पोचला. ८ तास म्हणजे सकाळचे साडेसात. त्याची पाळी सातला सुरू होते. म्हणजे सोमवारच्या पाळीला त्याला बोलावता येत नाही, तो मंगळवारी सातला हजर होणार. रात्री दहाला पोचला असता तर सहालाच आठ तास पुरे झाले असते आणि सोमवारी जावं लागलं असतं. म्हणून घरी पोचल्याबरोबर मॅनेजरला वेळ लिहून एक मेसेज टाकायची सवय लावा.

३१ ते १८० दिवसांची सेवा असेल तर १४ दिवसांच्या आत परत घेण्यासाठी अर्ज करायचा. १८० दिवसांहून जास्त असेल तर ९० दिवसांच्या आत. अर्जाला ठरावीक नमुना नाही. "सेवा अमुक तारखेला संपली, मी कामावर परत यायला तयार आहे" इतकं पुरतं. या दीर्घ सेवेसाठी मालक कागदपत्रं मागू शकतो: डीडी २१४ (सेवा संपल्याचा सैन्याचा दाखला), पूर्ण झाल्याची नोंद असलेल्या ऑर्डर्स, किंवा कमांडिंग ऑफिसरचं पत्र. कागद अजून तयारच झाले नसतील तर तेवढ्यासाठी तुम्हाला ताटकळत ठेवता येत नाही. दीर्घ सेवेनंतर अर्ज केल्यापासून साधारण दोन आठवड्यांत कामावर घेतलं जाणं अपेक्षित असतं.

सेवेत जखमी झालात किंवा आजारी पडलात तर बरं होण्यासाठी या मुदती दोन वर्षांपर्यंत वाढतात. मुदत हुकलीच तर हक्क आपोआप संपत नाही, पण मग विनापरवाना गैरहजेरीचे कंपनीचे नियम तुम्हाला लागू होतात. तिथवर जाऊ देऊ नका.

आणखी दोन अटी: एकाच मालकाकडे असताना एकूण सेवा ५ वर्षांहून जास्त नको, आणि सेवेतून बेइज्जतीनं काढलेलं नको. पाच वर्षांचा आकडा ऐकून लोक घाबरतात. पण महिन्याची ड्रिल्स, वार्षिक प्रशिक्षण आणि आणीबाणीत सक्तीनं आलेलं बोलावणं त्यात मोजत नाहीत. नवी नोकरी धरली की मोजणी पुन्हा शून्यापासून.

कुठल्या जागेवर परत घेतील?

१९४६ साली फिशगोल्ड नावाच्या वेल्डरच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने एक उपमा वापरली, ती आजही चालते: सरकता जिना. तुम्ही सैन्यात गेलात तरी ज्येष्ठतेचा जिना चालूच राहतो, आणि परत येताना तुम्ही उतरलात त्या पायरीवर नव्हे, तर चालत राहिला असतात तर जिथे असतात त्या पायरीवर पाय ठेवता. तुमच्यासोबतच्यांना दोन वेतनवाढी मिळाल्या असतील तर तुम्हालाही मिळाल्या पाहिजेत. बढतीची परीक्षा सेवेमुळे चुकली असेल तर पुन्हा द्यायची संधी मिळाली पाहिजे. नवी यंत्रणा आली असेल तर शिकवण्याचा रास्त प्रयत्न मालकाने करायचा.

जिना खालीही जातो, हेही सांगितलं पाहिजे. तुम्ही नसताना तुमचा अख्खा विभाग बंद झाला आणि तुम्ही इथे असतात तरी घरी बसला असतात, तर युसेरा ती नोकरी जिवंत करून देत नाही.

परतल्यावर काही काळ जास्तीचं कवच असतं. ३१ ते १८० दिवसांच्या सेवेनंतर १८० दिवस, आणि त्याहून लांब सेवेनंतर एक वर्ष, योग्य कारणाशिवाय काढून टाकता येत नाही.

४०१के, म्हणजे नोकरीतल्या निवृत्तीसाठीच्या बचत खात्याबद्दल, फार थोड्यांना माहीत असतं. सेवेचा काळ निवृत्तिवेतनासाठी खंड मानत नाहीत. जे हप्ते राहिले ते तुम्ही सेवेच्या तिप्पट काळात, जास्तीत जास्त ५ वर्षांत, भरू शकता. वर्षभर गेला असाल तर तीन वर्षं मिळतात. जितके भराल त्यावर कंपनीचा वाटाही मिळतो. हे कुणी आपणहून सांगत नाही. परतल्याच्या पहिल्या आठवड्यात लेखी विचारा.

केंद्र सरकारच्या नोकरीत असाल तर

तुमचं थोडं बरं आहे. दर आर्थिक वर्षाला भरपगारी सैनिकी रजा ठरलेली असते, आणि उरलेली काही मर्यादेपर्यंत पुढे नेता येते. बोलावणं आलं आणि सैनिकी पगार कमी पडला तर फरक भरून देणारी तरतूदही आहे. ३० एप्रिल २०२५ ला सर्वोच्च न्यायालयाने फेलिसियानो खटल्यात ५ विरुद्ध ४ मतांनी तिची व्याप्ती स्पष्ट केली. राष्ट्रीय आणीबाणी चालू असताना सक्रिय सेवेसाठी बोलावलं गेलं असेल तर पुरे, त्या आणीबाणीशी तुमच्या कामाचा थेट संबंध दाखवावा लागत नाही. तुमचा जुना दावा यावरून नाकारला गेला असेल तर फाइल पुन्हा उघडून बघा.

अडवलंच तर

आधी एचआरला लेखी विचारा, मॅनेजरला वगळून. कित्येक प्रकरणं तिथेच मिटतात, कारण मॅनेजरला नियम माहीत नसतो आणि एचआरला असतो. युसेराच्या हक्कांची माहिती कर्मचाऱ्यांना देणं मालकाला बंधनकारक आहे आणि बहुतेक ठिकाणी तिचा फलक विश्रांतीच्या खोलीत लावलेला असतो. भाच्यानं त्याचा फोटो काढून मेलला जोडला.

नाही मिटलं तर ईएसजीआरकडे जा. १९७२ पासून चालणारी ही संरक्षण खात्याची संस्था आहे. तिचे प्रशिक्षित मध्यस्थ दोन्ही बाजूंशी फोनवर बोलतात, पैसे घेत नाहीत. त्यापुढची पायरी म्हणजे कामगार खात्याच्या व्हेट्स विभागाकडे रीतसर तक्रार. त्यासाठी फॉर्म १०१० असतो. व्हेट्स साधारण ९० दिवसांत चौकशी करतं. समेट झाला नाही तर प्रकरण न्याय खात्याकडे पाठवायला सांगता येतं. मालक केंद्र सरकार असेल तर ते ऑफिस ऑफ स्पेशल कौन्सेलकडे जातं. खाजगी कंपनीविरुद्ध स्वतःचा वकील करून थेट न्यायालयातही जाता येतं, आणि युसेराच्या दाव्यासाठी न्यायालय शुल्क घेत नाही. नोकरी धरताना लवादाच्या कलमावर सही केली असेल तर वकिलाला तो कागद पहिल्याच भेटीत दाखवा. काही अपील न्यायालयांनी अशी प्रकरणं लवादाकडे पाठवली आहेत.

राज्य सरकारच्या नोकरांनी टॉरेस खटला लक्षात ठेवावा. टेक्सासमधला हा पोलीस शिपाई इराकमधून फुप्फुसांचा आजार घेऊन परतला, जुनं काम झेपेना, आणि त्याने राज्यावर दावा लावला. राज्य सरकारला युसेराखाली कोर्टात खेचता येतं, असं सर्वोच्च न्यायालयाने २०२२ साली ठरवलं.

तक्रार केली म्हणून सूड उगवणंही बेकायदा आहे. त्यासाठीच तारीखवार वही ठेवा: कोण, कधी, काय म्हणालं. "तुमचं हे सैनिक-सैनिक खेळणं किती दिवस चालणार" असं कुणी म्हटलं, तर ते शब्द त्याच दिवशी जसेच्या तसे लिहून ठेवा. सेवा हे काढण्यामागचं एक कारण होतं, हे पुढे अशाच नोंदींवरून दिसतं.

घरी राहणाऱ्यांसाठी

नवरा किंवा बायको डिप्लॉय होत असेल तर मागे राहणाऱ्यालाही नोकरीत हक्क आहेत. कौटुंबिक रजेच्या कायद्याखाली, म्हणजे एफएमएलएखाली, ५० किंवा अधिक कर्मचाऱ्यांच्या कंपनीत, ठरावीक काळ काम केलेलं असेल तर जोडीदाराच्या किंवा मुलाच्या डिप्लॉयमेंटमुळे उद्भवलेल्या कामांसाठी वर्षात १२ आठवडे बिनपगारी पण संरक्षित रजा मिळते. पाळणाघराची नवी व्यवस्था, वकिलाकडची कागदपत्रं, निरोपाचा समारंभ हे सगळं त्यात बसतं. सेवेत गंभीर जखमी झालेल्याची देखभाल करायची असेल तर ही रजा २६ आठवड्यांची होते, आणि ती आईवडिलांना, मुलांना, सर्वांत जवळच्या नातेवाइकालाही मिळू शकते.

भाच्याच्या मॅनेजरने दुसऱ्या दिवशी दुपारी दोन ओळींचं उत्तर पाठवलं: शनिवार-रविवारची सोय झाली आहे, सोमवारी किती वाजता येशील ते कळव. त्याने वर्षभराच्या ड्रिलच्या तारखा स्वतःच्या भिंतीवरच्या कॅलेंडरवर लिहून घेतल्या, असं भाचा नंतर सांगत होता.